पार्किंगची सातवी रांग

शेवटचं पोर उतरलं, पिवळी बस डेपोत लागली,
की मी, ओरेस्ट बाबी, वय चोपन्न,
माझ्या गाडीत बसतो
आणि घराच्या उलट वळतो.

विनिपेगला जानेवारीत पाचच्या आत अंधारतं.
ते सोयीचंच.
सुपरमार्केटच्या पार्किंगची सातवी रांग,
तिथला दिवा गेल्या हिवाळ्यापासून बंद.
गाडीतला मी घालवतो.

मग काय होतं ते नीट सांगता येत नाही.
भस्म्या म्हणावा, तर भूक नसते.
चोचले म्हणावेत, तर चव कळत नाही.
आधी केक. काउंटरवरच्या मुलीला संशय नको
म्हणून वर नाव लिहून घेतो: डारिया.
बहीण माझी, एडमंटनला असते,
वाढदिवस जूनमध्ये.
या हिवाळ्यात ती पाच वर्षांनी मोठी झाली.

मग पाव, मग हाताला लागेल ते,
आणि हातही दुसऱ्याच कुणाचे;
मी जणू मागच्या सीटवर बसून
पुढच्या माणसाला सांगतोय, पुरे.
त्याला ऐकू जात नाही.
नंतर पोटात दगड, काचांवर वाफ,
आणि घरी जाऊन जेवायचं असतं ते वेगळंच.

सोमवारी शपथ.
दिवसभर काळी कॉफी.
संध्याकाळी ती शपथच
तोंड उघडून समोर उभी.
मंगळवारी सातवी रांग.

डॉक्टरांकडे गेलो तो गुडघ्यासाठी.
नर्स मारिसेल दंडावरचा पट्टा सोडवत होती.
झोप कशी लागते विचारावं तसं तिनं विचारलं,
कधी असं होतं का,
थांबावंसं वाटतं आणि थांबता येत नाही?
कुणी बघू नये म्हणून एकट्यानं खाता का?
मी म्हणालो, डावा गुडघा.
तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही.
मी म्हणालो, पार्किंगमध्ये.

एवढाच शब्द.
चौदा वर्षं गिळून बसलो होतो,
तोच तेवढा पचला नव्हता.

ती म्हणाली, हा आजार आहे, याला नाव आहे.
मला वाटत होतं, याचं नाव मीच:
हावरा, बिनकण्याचा, ओरेस्ट.

आता गुरुवारी चर्चच्या तळघरात
घडीच्या खुर्च्यांवर आम्ही सातजण.
एक बाई काडीसारखी, मला वाटलं चुकून आली.
ती म्हणाली, मी केकवर नवऱ्याचं नाव घालून घ्यायचे.
मी हसलो. हसू आवरेना.
मग ते हसू राहिलं नाही.

आहारतज्ज्ञ म्हणते, सकाळी खा, दुपारी खा.
मी म्हटलं, बाई, खाणं हाच तर रोग!
ती म्हणाली, उपाशी ठेवलेला दिवस
संध्याकाळी व्याजासकट वसूल करतो.

इथे रात्री उणे तीस.
घरोघरी गाडीच्या नाकातून एक वायर लोंबते,
ती भिंतीतल्या प्लगला लावून झोपायचं,
नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही.
कुणी गाडीला म्हणत नाही, निग्रह कर.
कुणी म्हणत नाही, शेजारची बघ जरा.
तीस हिवाळे रोज रात्री वाकून मी ती वायर लावली,
दुखऱ्या गुडघ्यावर,
आणि हे कधी सुचलं नाही.

इथे खरं तर बरा झालो असं लिहायला हवं.
मागच्या बुधवारी पुन्हा सातवी रांग.
फक्त केकवर नाव घातलं नाही.
गुरुवारी गेलो तेव्हा बाहीवर साखर तशीच होती,
काडीसारख्या बाईनं पाहिली,
आणि आपली खुर्ची जरा सरकवून घेतली, माझ्याकडे.

रात्री डारियाला फोन लावला.
ती म्हणाली, आज काय विशेष?
माझा वाढदिवस नाही.
म्हटलं, माहीत आहे.
जरा बस, वेळ लागेल.