किमान

आल्तिनोवरच्या जुन्या नोंदवह्या
संगणकात भरायचं काम माझ्याकडे आलं
आणि पहिल्याच दिवशी मी स्वल्पविरामाला अडले.
पोर्तुगीज वहीत एकोणीस, स्वल्पविराम, चार.
संगणकाला टिंब लागतं.
बासष्टच्या जानेवारीत काही दिवस दोन्ही आहेत,
एका टिंबाला शेपूट फुटता फुटता राहिलंय,
मग पुढं टिंबच.
राज्य बदललं त्याची या वहीत एवढीच खूण.
पहाट तेव्हाही विसाच्या आसपासच.

दोन्ही राज्यांत निरीक्षक एकच, आल्बानु कुतिन्यु.
झडपांच्या पांढऱ्या पेटीपुढं रोज वाकायचा.
किमान तापमापीच्या नळीत एक काडी असते,
टाचणीएवढी, काळी.
गारठा तिला मागं ओढत नेतो.
ऊन चढलं की द्रव पुढं निघून जातो,
काडी थांबते
रात्र जिथवर उतरली त्या पायरीवर.
कुतिन्युनं ती पायरी वाचायची, लिहायची,
मग नळी तिरकी करून
रात्र पुसून टाकायची.

चौपन्न साल. अकरा जानेवारी.
तेरा, स्वल्पविराम, एक.

साहेब म्हणाले, नार्वेकरबाई, पणजीत तेरा?
समुद्र काय रजेवर गेला होता?
अठरा असणार. आठाचं पोट डावीकडून उघडं राहिलंय बघा.
अठरा भरा, नाहीतर शंकास्पदची खूण करा,
आणि पुढं चला.

मी भिंग घेऊन बसले.
त्या वर्षातले त्याचे आठ मोजले,
एकशे बेचाळीस,
सगळे बंद, टपालाच्या थैलीसारखे तोंड शिवलेले.
आणि शेऱ्याच्या रकान्यात
दव, धुकं, वाऱ्याची दिशा याखेरीज
कधी काही न लिहिणारा हा माणूस
त्या तारखेला लिहितो, फ्रीउ.
गार. बस्स.

पण साहेबांना शब्द चालत नाही.

थंडीचा पुरावा गोव्यात कोण ठेवतो?
खोबरेल गोठलं की हिवाळा, एवढंच आमचं शास्त्र,
आणि बाटली उन्हात ठेवली
की पुरावा वितळला.

सांतिनेजला बोस्त्यांव पदेराकडे गेले ती पाव आणायला.
सहज बोलले.
त्याची भट्टी आता विजेवर,
बापाच्या उधारीच्या वह्या मात्र पिठाच्या फळीवर अजून,
रोमी लिपीतली कोंकणी, पानांना सुरेचा आंबूस वास.
तो हात पुसत म्हणाला, चौपन्न? असेल.
बापूय काही टाकायचा नाही, रागसुद्धा.

अकरा जानेवारी.
पीठ फुगलं नाही. सुरेला थंडी बाधली.
काठवटीखाली निखारे ठेवले, गोणपाटं घातली.
पाव आठाला निघाले.
इस्पितळवाले ओरडले.
खाली त्या दिवसाची खोट, आणे-पैशांत.

म्हणजे आठ होता.
वहीत नव्हता, घड्याळात होता.

साहेबांनी पदेराची वही उलटसुलट पाहिली,
अधिकृत नाही म्हणाले,
मग बराच वेळ खिडकीतून मांडवीकडे बघत राहिले.
भरा तेरा, म्हणाले. खूण राहू द्या.

मी भरलं. तेरा टिंब एक.
फ्रीउसाठी चौकट नव्हती.
सगळ्या चौकटी आकड्यांच्या.

घरी आल्यावर न्हाणीघरातली बाटली हलवून पाहिली.
जानेवारी संपत आला,
तेल पाण्यासारखं, काठालासुद्धा पांढरं नाही.
यंदा एकदाही गोठलं नाही की काय?
आठवेना.
कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्याखाली,
बारीक अक्षरात लिहून ठेवलं:
तेल पातळ.