पहिलं पाणी

शनिवारी एर्मेलिंदा मावशी
वेदीवरचे कपडे धुवायला घरी आणते.
पेल्याचा काठ पुसलेला रुमाल
वेगळ्या घमेल्यात.
त्याचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही.
ते ती अबोलीच्या मुळाशी ओतते, हळू,
झोपलेल्याला जाग येऊ नये तसं.
मग खळ. मग इस्त्री.

रविवारी कुस्तोद काका लाल ओप-मूस पांघरून
मिरवणुकीत मेणबत्ती धरतात.
कोंफ्रारीच्या वहीत त्यांच्या आजोबांचंही नाव आहे.
तुझं कुठं, विचारलं तर मावशी म्हणाली,
"डाग कुठल्या वहीत लिहितात गो?"

मे महिन्यात, लोटलीच्या खुरसाकडे,
लदिनीला व्हायोलिनवाला मेस्त आलाच नाही.
पुरुषांनी घसे खाकरले.
काळोखातून मावशीनं सूर लावला,
अख्खी लातीन तोंडपाठ,
एका शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना.
पुरुष मागून म्हणत गेले.

नंतर उकडलेले चणे आले. फेणी आधी पुरुषांना.
मावशी पेले गोळा करू लागली.

यंदा मी वेदीपाशी घंटा वाजवते.
पाद्री रुमाल उलगडतो
आणि मला तिच्या इस्त्रीची घडी दिसते,
सरळ, चार पदरी.
घंटा वाजवायला
माझा क्षणभर उशीर होतो.