भाराची चाचणी

खलफानने फोनवर फोटो दाखवला:
कॅम्परच्या पाठीला तीन सायकली,
मागे कुठल्यातरी थंड देशातलं तळं.
म्हणाला, असंच पाहिजे. गुरुवारपर्यंत.

मी बंपरला बुटाने ढोसलं.
तो तेलाच्या डब्यासारखा वाजला.
दोन एमएमचा पोकळ चौकोनी पाइप,
आत सांडपाण्याची नळी कोंबलेली.
याच्यावर सायकली?
याच्यावर मी टॉवेलसुद्धा वाळत घालणार नाही.

गुल जमीर कानात म्हणाला, लाव आणि पैसे घे,
अल ऐन ते लिवा, रस्ता तर सरळ आहे.
पण सरळ रस्त्यावरच ट्रेलर शेपूट हलवतो.
मागे वजन चढलं की पुढचं नाक हलकं होतं,
हुकावरचा भार सुटतो,
आणि शंभराच्या पुढे
मागचा पुढच्याला हाकायला लागतो.
हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.
इचलकरंजीत, सायझिंगच्या चढावर,
सुताची बाचकी मागे जास्त झाली
आणि हातगाडा दांड्यांसकट वर गेला.
दांड्यांना शिरपाकाका होते. लोंबकळत.
तोंडातली विडी तशीच.

मग गाडीखाली झोपलो.
सनय्यातली दुपार; फरशीसुद्धा अंग चोरत होती.
चेसिसच्या दोन्ही रेलांतून दोन हात बाहेर काढले,
चार एमएमचे, काखेत त्रिकोणी पट्ट्या.
रेजाउल धरायचा, मी टाका मारायचो.
बंपरला म्हटलं, तू नुसता उभा राहा,
लग्नातल्या थोरल्या जावयासारखा.
नंबरप्लेट वीतभर खाली घेतली,
लाल दिवे झाकले जाऊ नयेत म्हणून.
जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पकडींत घातल्या,
लोखंडाने लोखंडाला चावू नये.

खलफानला सांगितलं,
पाण्याचे जार, कोळशाची पोती, सगळं पुढे घ्या.
तो म्हणाला, पुढे आई झोपते.
जरा विचार करून म्हणाला,
पोती आईच्या खाटेखाली बसतील.

चाचणीला सायकली नव्हत्या.
त्याच्या अजून जहाजावर,
दोन बोटांनी उचलता येतील अशा.
मग आमच्याच चढवल्या:
गुल जमीरची, दूधवाल्याकडून घेतलेली, ब्रेक नसलेली;
रेजाउलची, हँडलला प्लॅस्टिकची फुलं;
आणि माझी, बावीस किलो,
कॅरियरवर डब्याच्या दोरीचा कायमचा वळ.

खलफान पुढे. पिकअपमध्ये आम्ही तिघं मागे.
पहिला गतिरोधक. दुसरा.
मी वेल्डिंगकडे बघत होतो,
खरंच वेल्डिंगकडेच बघत होतो.
मग मोठा रस्ता लागला, वारा घुसला,
आणि माझ्या सायकलचं मागचं चाक
आपोआप फिरायला लागलं.

नऊ वर्षं मी तिच्यावर बसलो.
ती बसलेली मी आज पाहिली.
मधेच पायडल अर्धं फिरून थांबायचं,
कुणीतरी पाय ठेवून पुन्हा उचलल्यासारखं.
लांबवर हफीतचा डोंगर.
तिथे रविवारी चुस्त कपड्यांतले लोक सायकली हाणतात;
आमच्या कॅम्पपासून दुकानापर्यंतच जातात.
रेजाउल ओरडला, माझी बघ, माझी बघ!
फुलं सगळी एका बाजूला झोपली होती.
ट्रेलर एकशेदहाला ओळीत चालला होता, शिस्तीत,
पण ते कुणी बोललंच नाही.

परत आल्यावर खलफान उतरला,
दोन्ही हातांनी रॅक हलवून बघितला,
तो हलला नाही, कॅम्पर हलला.
मजुरी मोजून दिली, वर वीस दिरहम चहाला.
एक फोटोही काढला, सायकली उतरवण्याआधी.
आम्ही तिघं बाजूला झालो.
तो म्हणाला, नाही नाही, मध्ये या.

संध्याकाळी कॅम्पला निघालो तर सायकल जड लागली,
पाहुणी जाऊन आलेल्या पोरीसारखी,
घरी यायला नको म्हणत असल्यासारखी.
गेटापाशी उतरून बघितलं.
मागच्या चाकात हवा कमी होती.