मोजणी

अकरा हजार सहाशे पंचावन्न किलोमीटर,
सरळ आलं तर.
वेळ तेरा तास चाळीस मिनिटं,
वारा ना पाठचा धरलेला, ना समोरचा.
एवढं सांगून मोबाईल गप्प झाला.

सरळ कुणी येत नाही, ऋजुता.
तुझ्या तिकिटावर सत्तावीस तास दहा मिनिटं आहेत,
मध्ये दोनदा उतरणं,
एके ठिकाणी सात तास नुसतं बाकावर,
बूट काढून, बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून.
ते अंतरात धरत नाहीत.

एकतीस वर्षं मी मोजणी खात्यात, पनवेलला.
तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे.
काल रात्री पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला:
हॅलिफॅक्स अकरा लाख अठ्ठावन्न हजार साखळ्यांवर आहे.
रोज शंभर टाकल्या, रविवार सोडून,
तर सदतीस वर्षं.
माझी नोकरी सहा वर्षं कमी पडली.

मग तुझा शाळेतला पृथ्वीगोल काढला,
त्यावर गोधडीचा दोरा ताणला.
मला वाटलं होतं अरबी समुद्र, आफ्रिका, मग पाणीच पाणी.
दोरा ऐकेना.
कॅस्पियनवरून वर चढला, रशिया, नॉर्वे,
ग्रीनलंडच्या खालून घसरत तुझ्या दाराशी.
आई म्हणाली, एवढ्या थंडीतून कशाला आणता पोरीला?

आम्ही शेत सपाट धरून मोजतो.
बांधापासून बांधापर्यंत पृथ्वी वाकत नाही.

मार्चमधल्या एका रविवारी
तिथली घड्याळं तासभर पुढे सरकतात,
साडेनऊचे साडेआठ होतात.
जागचं कुणी न हलता तू एक तास जवळ येतेस,
नोव्हेंबरात परत जातेस.
आई तो रविवार कॅलेंडरवर
दुधाच्या खाड्यांशेजारी गोल करून ठेवते.

आपल्या उलव्याच्या गच्चीतून आता धावपट्टीचे दिवे दिसतात.
टेकडी नाही. नदी वळवली.
अंतर म्हणे विमानतळाच्या मधल्या बिंदूपासून धरतात.
नकाशावर तो बिंदू नेमका कुठे पडतो
ते मला कुणी सांगितलेलं नाही,
तरी मला ठाऊक आहे.

तिथे नागूबाई घरतांचं घर होतं.
माझ्याच अक्षरात आहे:
कौलारू घर एक, पडवीसह. शेवगे दोन.
विहीर सामाईक.
साखळीचं टोक उंबऱ्याशी रोवलं
तेव्हा त्या मासळीचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या,
"सायेब, मोजाला कुठशी सुरुवात करताव?"
मी म्हणालो, इथून.

पुढे त्या किती लांब गेल्या
ते मोजण्याचं काम आमच्या खात्याकडे नव्हतं.

गेल्या गुरुवारी करंजाड्याला जाऊन आलो.
रिक्षाने पाऊण तास, चौथा मजला, लिफ्ट बंद.
दार सुनेने उघडलं.
आत्या झोपल्यात, म्हणाली. कोण आलेलं सांगू?
मी नाव सांगितलं. खातं सांगितलं नाही.

सोमवारी पहाटे तू उतरशील.
चाकं टेकली की मोबाईल शून्य दाखवेल,
आई रडेल, मी बॅगा मोजेन.
तू मात्र बाहेर येताना
पाय जरा जपून टाक.
तिथे कुणाचा तरी उंबरा आहे.