चौथी लेन

घड्याळं धरायला पालकांपैकी कोणीतरी लागतंच,
नाहीतर स्पर्धा सुरू होत नाही.
मी हात वर केला. त्यावर तीनच बोटं,
बाकीची दोन गिरणीच्या करवतीकडे जमा आहेत.
"अंगठा आहे ना?" वेरिटीबाईंनी विचारलं.
अंगठा आहे.
मग गळ्यात घड्याळ अडकवून
त्यांनी मला चौथ्या लेनपाशी उभं केलं.

माझी मुलगी सहाव्या लेनमध्ये.
आपल्या पोरीची वेळ आपण घ्यायची नाही,
बापाचा अंगठा घाई करतो म्हणे.

तोकोरोआचा हा तलाव जुना.
पत्र्यातून जुलैची थंडी आत झिरपते
आणि क्लोरीनवर चढून बसतो गिरणीचा वास,
उकडून विसरलेल्या कोबीचा.
बाहेरगावचे लोक नाक मुरडतात.
आम्हाला त्यात पगार येतो.

माइकवरचा माणूस तिच्या नावापाशी अडखळला.
ङामेतुआ.
तो आधी नामेतुआ म्हणाला, मग गामेतुआ,
मग खोकून नुसतं आडनाव.
तिनं टोपी कानांवर ओढली.
माझ्या आईचं नाव आहे ते.
आईतुताकीच्या खाडीत कंबरभर पाण्यात
ती आयुष्यभर शिंपले वेचत राहिली,
पोहली मात्र कधीच नाही.

शंभर मीटर, पाठीवर.
पोरी पाण्यात उतरल्या, पाय दुमडून
कठड्याला लटकल्या, आणि भोंगा.
अंगठा दाबला.

सकाळी शिकवलं होतं: पोहणारीकडे बघायचं नाही,
भिंतीकडे बघायचं. हात टेकतो तिथे.
मी वाकून एका फरशीकडे बघत राहिलो,
निळी, कोपऱ्यात तडा गेलेली.
पन्नासला एकदाच चोरून नजर टाकली,
सहाव्या लेनमध्ये एक कोपर दिसलं, आणि फेस.
बस्स.

मग गलका.
बायकोचा आवाज मला शंभरांत ओळखू येतो.
तो वर वर चढत गेला
आणि मध्येच तुटला.
म्हणजे पोचली.
पहिली की पाचवी, ते आवाजात नव्हतं.

शेजारची घड्याळं टिकटिक थांबली,
लोक आकडे लिहू लागले, कोणी हसलं.
माझं एकट्याचं चालू.
चौथ्या लेनमधली अजून पाण्यातच होती,
दर चार हातांनी दोरीला धडकत,
छताकडे डोळे लावून,
आपण शेवटच्या आहोत हे तिला कसं कळणार?
चिठ्ठीवर नाव होतं ओटिली ब्रॅकन्रिज.
चल, ओटिली, मी म्हणालो,
फरशीला म्हणालो, दुसरीकडे बघायची सोय नव्हती,
चल गं बाई, ये.

पाण्यातून एक हात आला, उलटा, आंधळा,
आणि तड्याच्या बरोबर खाली टेकला.

एक मिनिट, एकोणसाठ, ऐंशी.
चष्मा वर करून तिनं विचारलं, "किती?"
सांगितलं.
"दोनच्या आत?"
पुन्हा सांगितलं.
तरी पटेना, तेव्हा घड्याळच तिच्यापुढे धरलं.
तिचे ओठ निळे पडले होते.
ती माझ्या तुटक्या बोटांकडे नाही,
फक्त आकड्यांकडे बघत होती.

संध्याकाळी गाडीत ङामेतुआ चिप्स खात म्हणाली,
"माझं शेवटचं वळण बघितलंस ना, पापा?"

खोटं बोलता आलं असतं.
नाही, म्हटलं. मी भिंत बघत होतो.

ती थोडा वेळ गप्प.
मग चिप्सचा पुडा मांडीवरून खाली ठेवला,
सीट मागे पाडली, पट्टा तसाच लावलेला,
आणि सुरुवातीपासून पोहायला लागली:
हा भोंगा, हे पहिले पंचवीस,
डावा हात काचेवर आपटतोय, उजवा माझ्या खांद्यावर,
"आता बघ, आता वळण येतंय, बघ, बघ"

पुढे लाकडांचा ट्रक होता, लाल चिंध्या फडकवत,
रस्त्यावर धुकं उतरलेलं.
मी समोर बघत गाडी चालवत होतो
आणि खांद्यावर मोजत होतो
एकेक हात.