हरकत

झाडाला खिळा ठोकायचा नाही, असा नियम आहे,
म्हणून मी नोटीस सुतळीनं बांधते.
एरंडवण्यातली आतली गल्ली, बुचाचं झाड,
गणनेचा नंबर सालीबरोबर अर्धा गळालेला :
चारशे सतरा की चारशे सत्तर,
रंगवणाऱ्या पोरालाच ठाऊक.

टेप धरायची छातीच्या उंचीवर.
माणसाच्या छातीच्या.
झाडाची छाती कुठे, ते परिपत्रकात नाही.
पलीकडचं टोक यल्लप्पानं धरलं,
दुसऱ्या हातात कोळशाची इस्त्री तशीच.
घेर दोनशे अकरा.

पुढचा रकाना : जागा खाजगी की सार्वजनिक.
इथे अडतं.
सोसायटीची भिंत झाडापाशी येऊन थांबते,
हातभर झाड होते,
आणि पलीकडे पुन्हा भिंत होते.
आतल्या अर्ध्यासाठी अर्ज मालकानं करायचा,
बाहेरच्या अर्ध्यासाठी पथ विभागानं.
फुलं मात्र सगळी यल्लप्पाच्या टेबलावर.
साहेब म्हणाले, जास्त भाग कुणीकडे ते बघा.
बघितलं.
मुळं बघता आली नाहीत.

सेक्रेटरी खरवंडीकर वाईट माणूस नाही.
खाली येतो, चहाचं विचारतो, मोबाइल पुढे करतो :
मोडलेली फांदी, तिच्याखाली चेपलेली स्कूटर.
"मुलगी बाटली विसरली म्हणून वर गेली होती, मॅडम.
एवढंच."
बुचाचं लाकूड ठिसूळ. खोटं कशाला लिहू?
पण त्याच फायलीत पुनर्विकासाचा नकाशा आहे,
आणि त्यात झाडाच्या जागी
गाड्या तळघरात उतरवायचा उतार.

मग वय.
जितकी वर्षं तितकी रोपं लावायची,
म्हणून तोडण्याआधी वय लागतं.
एरवी कुणी विचारलं नव्हतं.
खरवंडीकर म्हणतो, वीस.
दुसऱ्या मजल्यावरच्या लोंढेबाई म्हणतात,
मी लग्न होऊन आले तेव्हाच गच्चीला लागलं होतं,
आणि पुढचा हिशेब आपल्यावर येतोय
हे ध्यानात येऊन गप्प होतात.
मी बावन्न लिहिलं.
बावन्न रोपं, कात्रजच्या पुढे कुठेतरी,
जिथे शर्ट घेऊन कुणी जात नाही.

सात दिवस. हरकत असल्यास लेखी.
गल्लीत सगळ्यांना विचारून पाहिलं.
हरकत नाही, म्हणाले सगळे.
कपडे उद्या मिळतील? हरकत नाही.
सुट्टे नाहीत? हरकत नाही.
यल्लप्पाही म्हणाला, हरकत नाही मॅडम,
मी समोर बसेन.
समोर ऊन असतं, सकाळपासून.
बटण तुटल्याचं सांगावं
तसं त्यानं ते जपून सांगितलं.

अहवालात लिहिलं : प्राप्त हरकती, निरंक.
तारीख तेवढी टाकायची ठेवली.

सातव्या दिवशी पावणेपाचला
तो क्षेत्रीय कार्यालयाच्या जिन्यावर उभा,
सदरा कडक, स्वतःच्याच हातचा.
"हरकत नाही म्हणायची सवय आहे हो," म्हणाला,
"म्हणजे नाहीच असं नाही."
हातात कपड्यांच्या हिशेबाचं गुलाबी पान,
कोपऱ्याला इस्त्रीचा तपकिरी डाग.
वर गिऱ्हाइकाचे सात शर्ट, दोन साड्या,
खाली त्याचं अक्षर :
बँकेच्या पुस्तकावर, गॅसच्या कार्डावर,
पोरीच्या शाळेत,
माझा पत्ता बुचाखाली असा आहे.
झाड काढल्यास
पत्ता बदलायचा अर्ज कुणाकडे करावा,
कळवावे.

ही हरकत धरायची की चौकशी,
शिपायानं विचारलं.
शिक्क्याची शाई सुकलेली. दोनदा दाबावा लागला.
आवक क्रमांक पडला,
निरंक खोडून मी एक केलं.
खाजगी की सार्वजनिक,
तो रकाना अजून तसाच आहे.