उरसळबाईंची डायरी

शिवाजीनगर कोर्टात टायपिस्टांची रांग संपते
तिथं माझं टेबल. पाय तीन,
चौथ्याच्या जागी जुन्या निवाड्यांचे खंड रचलेत.
अजून डुगडुगलं नाही.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा नव्या कोटाच्या बगलेत
शिंप्याच्या खडूची खूण तशीच होती.
म्हटलं, पुसा. समोरचा वकील आधी कोट वाचतो, मग दावा.
त्यांनी पुसली नाही. त्या दिवशी हरल्या.
दुसऱ्या दिवशी म्हणाल्या,
पोफळे, आजपासून डायरी तुम्ही लिहायची.

सोळा वर्षं लिहिली.
पुकारा. हजर. गैरहजर. मुदतीचा अर्ज.
साहेब रजेवर.
आणि ताडीवाला रोडच्या हौसाबाई लोंढे,
खोली दहा बाय अकरा,
मालकाला पाडायची, यांना मरेपर्यंत राहायची.
एवढा एक निकाल लागू दे, बाई म्हणायच्या,
मग बघू काय ते राजकारण.

निकाल लागला नाही. तिकीट लागलं.
पर्वतीखालच्या सभेत माईक धरला
आणि सवयीनं तोंडातून गेलं, "मेहेरबान..."
लोकांना वाटलं, आपल्यालाच म्हणतायत.
टाळ्या थांबेनात.
माझा अंदाज, दहाएक हजार मतं त्या एका शब्दाची.

सगळ्या फायली ज्युनियरांना वाटल्या.
लोंढेंची तेवढी माझ्या खणात राहिली.
वकीलपत्र काढून घेऊ का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाल्या. गाडीत बसल्या.

दिल्लीहून फोन यायचा.
पोफळे, इथंही घंटा, इथंही पुकारा,
फक्त तीन मिनिटांत उलटतपास संपवायचा.
एकदा टीव्हीवर दिसल्या, उभ्या होत्या:
देशात किती दावे वीस वर्षांवर पडून आहेत?
मंत्री म्हणाले, माहिती गोळा केली जात आहे,
सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.
मी खणातून डायरी काढली
आणि लिहिलं: पुढची तारीख.

दुसऱ्या खेपेला कुठल्याशा समितीत बसून
एका विधेयकात, एका कलमात,
म्हाताऱ्या पक्षकाराचं काम कोर्ट आधी "घेऊ शकेल"
हे खोडून "घेईल" केलं.
सात महिने गेले त्यात. पेपरात ओळ नाही.
मी गॅझेटची झेरॉक्स टेबलाच्या काचेखाली ठेवली.
लोक स्टॅम्पचे सुटे पैसे तिच्यावरच मोजतात.

तिसऱ्यांदा पडल्या. फार मतांनी नाही,
पण पडणं ते पडणंच.

मग एका मंगळवारी गेटावरच्या पोलिसानं
एका बाईची बॅग उपसून बघितली,
तशा त्या आत आल्या.
कोट तोच. खांद्यावर सैल.
लोंढेंचं काय?
म्हटलं, हौसाबाई गेल्या, दोन वर्षं झाली.
नातू वारस म्हणून दाखल केलाय.
नऊ नंबर कोर्ट. आजच आहे.

बाई उभ्या राहिल्या, ते कलम मांडलं,
स्वतःचं आहे हे सांगितलं नाही.
समोर पंचविशीतला पोरगा, बँड कडक इस्त्रीचा.
म्हणाला, मूळ पक्षकार मयत आहे.
वारसाचं वय एकवीस.
हा लाभ वारसाला मिळावा
असा कायदा करणाऱ्यांचा हेतूच नव्हता.

मी बाईंकडे बघितलं.
बगलेत, खरं सांगतो, ती खूण अजून दिसते का
तेच शोधत होतो मी.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
वकीलसाहेब बरोबर बोलतायत.
एवढंच. खाली बसल्या.
पोरगा गोंधळला. न्यायाधीशांनी घड्याळ बघितलं.

बाहेर व्हरांड्यात मी डायरी उघडली,
पेनाचं टोपण काढलं.
त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं
आणि तारीख स्वतः लिहिली.
अक्षर बिघडलंय बाईंचं.
नातवाला दोनदा वाचून दाखवावी लागली.